स्मृतिभ्रंशाचं निदान : कुणाला, किती आणि कसं सांगायचं?

मेंदूविकारतज्ज्ञांकडून परतताना बहुतेक घरांत पहिला ठराव होतो तो हा : "तूर्त बाहेर कुणाला काही बोलायचं नाही." त्यामागे वाईट हेतू नसतो. आईची शोभा होऊ नये, बाबांकडे कुणी कीव आल्यासारखं बघू नये, नातीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे त्यात विघ्न नको, एवढंच. पण हा आजार रक्तदाबासारखा रिपोर्टात गप्प बसत नाही. तो बोलण्यातून दिसतो, हिशेबातून दिसतो, जिन्यातल्या गप्पांतून दिसतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. सासूबाई अकरा वाजता पोळी-भाजी, वरण-भात पोटभर जेवतात. साडेबाराला वाळलेले कपडे काढायला गॅलरीत येतात आणि समोरच्या काकूंना सांगतात, "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही हो. सून विचारतसुद्धा नाही." त्या खोटं बोलत नाहीत. जेवल्याची आठवण मेंदूत साठलीच नाही, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते जेवण झालेलंच नाही. समोरच्या काकूंना आजार ठाऊक नसेल तर त्यांनी दुसरा काय अर्थ लावायचा? संध्याकाळपर्यंत तो अर्थ अख्ख्या सोसायटीत आणि चार दिवसांत नागपूरच्या नणंदेपर्यंत पोहोचलेला असतो.

आपण गप्प राहिलो तरी गोष्ट बाहेर जातेच. फक्त तिच्यात आजाराच्या जागी एखादा माणूस येऊन बसतो. सून कजाग ठरते, सासरे हेकट ठरतात, मुलाचा बापाच्या पैशावर डोळा असल्याची कुजबुज होते, कामाच्या मावशी चोर ठरतात. निदान सांगायचं ते मुख्यतः यासाठी, की ठपका आजारावर जावा, माणसांवर नको. हे एकदा मनाशी पक्कं झालं की कुणाला आणि किती सांगायचं हे ठरवणं सोपं जातं. ज्याचा ज्याचा या माणसाशी रोजचा संबंध येतो, त्याला त्याच्या संबंधापुरतं कळायला हवं.

सांगण्याआधी स्वतः समजून घ्या

गडबडीने फोन फिरवू नका. आधी निदान पक्कं आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा त्रास, नैराश्य, पडल्यावर मेंदूवर साकळलेलं रक्त, काही औषधांचे परिणाम यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणं दिसू शकतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. दोन-चार दिवसांत अचानक बरळणं, दिवस-रात्र न कळणं सुरू झालं असेल तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग आहे का, हे आधी बघावं लागतं.

निदान पक्कं असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या : प्रकार कोणता, सध्या टप्पा कोणता आणि येत्या सहा महिन्यांत कशावर लक्ष ठेवायचं. प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण त्यावर सांगायचा मजकूर बदलतो. अल्झायमर हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात सहसा अलीकडच्या आठवणी आधी जातात. ल्युई बॉडी प्रकारात समोर नसलेली माणसं किंवा जनावरं दिसू शकतात. नातेवाइकांना हे आधी सांगितलं नाही तर 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋष्याचा पत्ता आलाच समजा. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला स्मरण बऱ्यापैकी शाबूत असतं, पण वागणं बदलतं. आयुष्यभर मोजकं बोलणारा माणूस लग्नाच्या पंगतीत नको ते बोलून जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात एखादा दिवस बरा, एखादा वाईट असं चालू राहू शकतं.

आपल्याच घरावर हे संकट आलं, असं वाटणं साहजिक आहे. पण देशभरातल्या एका मोठ्या पाहणीवरून काढलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास माणसं. तुम्ही सांगायला लागलात की चौथ्या-पाचव्या फोनला पलीकडून "आमच्या मावशींना हेच झालं होतं" असं ऐकू येण्याची शक्यता बरीच आहे.

पहिला हक्क ज्याचा आजार त्याचा

आपल्याकडे फाइल मुलाच्या हातात जाते आणि पेशंटला "काही नाही, थोडा अशक्तपणा आहे" असं सांगितलं जातं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला स्वतःचं काहीतरी बिनसलंय हे जाणवत असतं. कारण कळलं नाही तर तो स्वतःलाच दोष देत बसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती मिळण्याचा आणि ती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. स्मरण आणि निर्णयशक्ती गंभीरपणे बिघडवणारे विकार त्या कायद्याच्या व्याख्येत बसतात. तेव्हा सांगायचं कुणाला, यात पहिला शब्द त्यांचा.

सकाळची, मन ताजं असण्याची वेळ निवडा. घरात पाहुणे नकोत, टीव्ही बंद असू द्या. लहान वाक्यांत सांगा : "बाबा, तुम्हाला गोष्टी आठवत नाहीत त्याचं कारण डॉक्टरांना सापडलंय. मेंदूचा आजार आहे, अल्झायमर म्हणतात. औषधाने तो पूर्ण बरा होत नाही, पण त्रास कमी ठेवता येतो. आम्ही आहोत." मग थांबा. ते गप्प बसले तर बसू द्या. विचारलं तर उत्तर द्या, न विचारलेलं सगळं ओतू नका. "मला काही झालेलं नाही" म्हणाले तर वाद घालू नका. हे नाकारणं पुष्कळदा हट्टीपणातून येत नाही. आपल्यातली उणीव जाणवण्याची क्षमताच आजाराने कमी केलेली असते.

त्यानंतरचा प्रश्न : "हे कुणाकुणाला सांगूया?" नावं त्यांना घेऊ द्या. "शिंदेला मी सांगतो, पण व्याह्यांना इतक्यात नको," असं म्हणाले तर ते पाळा. स्वतः सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहिता येते किंवा स्वतःच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करता येतो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये स्वहस्ते पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचं देशाला कळवलं होतं. आपल्याला देशाला कळवायचं नसतं. पण आजारी माणसाच्या अक्षरातल्या चार ओळी भावंडांपुढे ठेवल्या की "वहिनीने काहीतरी उठवलंय" हा संशय मुळातच उगवत नाही.

भावंडांना एकाच दिवशी सांगा

जवळच्या सगळ्यांना एकाच दिवशी, शक्यतो एकाच फोनवर सांगा. मोठ्या भावाला रविवारी आणि धाकट्या बहिणीला पंधरा दिवसांनी तिसऱ्याच्या तोंडून कळलं की आजार बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतात. साठ जणांच्या 'कुलकर्णी परिवार' ग्रुपवर मात्र घोषणा करू नका. तिथे हात जोडलेल्या चित्रांशिवाय फारसं काही येत नाही आणि फॉरवर्ड झालेला निरोप परत घेता येत नाही.

मजकूर साधा ठेवा. नाव, काय बिघडलंय, काय शाबूत आहे आणि तुमच्याकडून काय हवं, एवढ्या चारच गोष्टी. उदाहरणार्थ : "ताई, आईला अल्झायमर असल्याचं निदान झालंय. नुकतंच घडलेलं तिला आठवत नाही, तेच ती पुन्हा विचारते. लहानपणचं सगळं आठवतं, गाणी आठवतात, माणसं ओळखते. ती तुला फोनवर माझ्याबद्दल काही सांगेल, कदाचित मी तिचे पैसे घेतले असंही म्हणेल. तसं म्हणाली तर तिच्याशी वाद घालू नकोस, आणि आधी मला विचार." शेवटची दोन वाक्यं बोलायला जड जातात. पण आरोप व्हायच्या आधी ती बोलली तर सूचना ठरतात. आरोपानंतर बोललात तर सफाई वाटते.

परदेशातल्या किंवा दुसऱ्या गावच्या भावंडाचा ठरलेला शेरा असतो : "व्हिडिओ कॉलवर तर बाबा एकदम ठणठणीत होते!" तोही खोटं बोलत नसतो. "बरं आहे ना? जेवलास का? तिकडे थंडी आहे का?" ही बोलण्याची वर्षानुवर्षांची घडी सर्वांत शेवटी मोडते. शिवाय पाहुण्यांपुढे किंवा फोनवर दहा मिनिटं सावरून बोलणं अनेकांना जमतं. भांडू नका, दाखवा. रोज एका वहीत तारीख टाकून घडलेलं लिहा, विशेषणं नकोत : "पहाटे तीनला ऑफिसला निघाले. गॅस दोनदा चालू राहिला." आठवड्याने पानाचा फोटो पाठवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्या भावंडाला फोनवर जोडून घ्या. सुट्टीत आलं की चार दिवस, रात्रीसकट, सगळं त्याच्या हाती सोपवून तुम्ही बाहेर जा. कुणाला वाचून-ऐकून पटत नसेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट एकत्र बसून बघा. अल्झायमर झालेल्या संस्कृतच्या पंडिताची त्यातली भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

भावंडांशी बोलाल तेव्हाच पैशाचं आणि कागदांचं बोला. उशीर इथे खरोखर महागात पडतो. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते उपयोगाचं राहत नाही. निदान झालं म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही, असं मात्र नाही. काय करतो आहोत हे समजण्याइतकं भान असलं पाहिजे. त्याच सुमाराचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं तर पुढचे वाद कमी होतात. बँक खात्यावर दुसरं नाव, वारसनोंदी, विम्याचे कागद हे सगळं त्यांच्या सहीला अर्थ आहे तोवर, वकिलाचा सल्ला घेऊन करून घ्या. २०१७ च्या कायद्यानुसार आपल्या वतीने उपचारांबाबत कुणी बोलावं, हेही त्यांना आधी लिहून ठेवता येतं.

कुणी सांभाळायचं आणि कुणी भेटायचं हेही तेव्हाच ठरवा. माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना अल्झायमर झाला तेव्हा त्यांच्या देखभालीवरून आणि भेटीगाठींवरून निघालेला घरच्यांतला वाद २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. सामान्य घरांत असे वाद कोर्टापर्यंत पोहोचत नाहीत. ते दिवाळीला न येण्यात, बोलणं टाकण्यात मुरतात.

मुलांपासून लपवू नका

नातवंडांना घरातला ताण मोठ्यांच्या आधी कळतो आणि कारण माहीत नसलं की ती ते स्वतःत शोधतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं : "आजोबांच्या मेंदूला आजार झालाय. त्यामुळे ते विसरतात, कधी कधी चिडतात. तुझ्यामुळे नाही चिडत. हा आजार सर्दीसारखा लागत नाही. त्यांनी तेच पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचं, हसायचं नाही. फार कंटाळा आला तर मला हाक मारायची." मोठ्या मुलांना आजाराचं नाव सांगा, नाही सांगितलं तर ती मोबाइलवर शोधून त्यातलं सर्वांत भयंकर तेवढं वाचतील. आजोबांवर लक्ष ठेवायची नोकरी मात्र त्यांच्यावर लादू नका.

कामाच्या मावशी, वॉचमन, दुकानदार

घराबाहेर सगळ्यांत आधी सांगायचं ते घरकामाला येणाऱ्या मावशींना. आजी पाटल्या रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवतात, ठेवल्याचं विसरतात आणि डब्यात कुणी बघायच्या आत मावशींचं नाव घेऊन मोकळ्या होतात. त्या बाईचं काम जातं, चार घरांत बदनामी होते, कुणी पोलिसांपर्यंतही जातं. म्हणून त्यांना आधीच, घरातल्या सगळ्यांसमोर सांगा : "मावशी, आजी तुमच्यावर आळ घेतील. तो आजार आहे. आम्ही तुम्हाला विचारायच्या आधी सगळे डबे बघू." आणि दागिने, जास्तीची रोकड आजींच्या हाताशी राहणार नाही असं बघा.

वॉचमनला आजाराचं नाव नको, काम हवं : "काका एकटे गेटबाहेर निघाले तर अडवू नकोस, जोराने बोलू नकोस. 'काका, चहा घेऊ' म्हणून बसव आणि मला फोन लाव." त्यांचा अलीकडचा फोटो आणि तुमचा नंबर त्याच्याकडे असू द्या. नाक्यावरचा रिक्षावाला, केमिस्ट, वाणी यांनाही तेवढंच. वाण्याला सांगा की काका दिवसातून तिसऱ्यांदा साखर न्यायला आले तर द्या, वहीत लिहा, आम्ही परत आणून देऊ, दुकानात चार लोकांसमोर "आत्ताच नेली ना?" म्हणू नका. बँकेत शाखाधिकाऱ्यांना भेटून लेखी कळवा. ओटीपी मागणारे आणि 'डिजिटल अटक' म्हणून धमकावणारे ठग अशाच माणसांच्या शोधात असतात. काकांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी कायम हवी.

मित्रांना काम नेमून द्या

ज्येष्ठ नागरिक संघातले, हास्यक्लबातले, भिशीतले लोक वाईट म्हणून येईनासे होत नाहीत. येऊन करायचं काय हे त्यांना उमजत नाही. येतात तेव्हाही दारातूनच परीक्षा सुरू होते. "ओळखलंत का? सांगा बघू मी कोण? अहो, असं काय करता, आपण तीस वर्षं एका डब्यात होतो!" समोरचा माणूस कसनुसं हसतो, बायकोकडे बघतो आणि पुढचा अर्धा तास तोंड उघडत नाही. चूक होण्याच्या भीतीने गप्प झालेला तो माणूस पाहून मित्र बाहेर येऊन सांगतो, "गेलाच हो तो कामातून."

म्हणून भेटीला येण्याआधी फोनवरच सांगून टाका. आल्या आल्या स्वतःचं नाव सांगा : "मी सुधाकर, लोकलमधला." एका वेळी एकानेच बोला. काल काय केलं, सकाळी काय जेवलात, हे विचारू नका. जुन्या गिरणीचं, गावच्या जत्रेचं, पहिल्या नोकरीचं विचारा. सांगताना चुकले तर दुरुस्त करू नका. "कधीही या" याचा अर्थ कुणीच येत नाही, तेव्हा वार आणि वेळ ठरवून द्या : "मंगळवारी पाच वाजता या, तासभर कॅरम खेळा, मी तेवढ्यात बाजार करून येते." ज्याला काम मिळतं तो मित्र टिकतो.

लोक काय म्हणतील, याची उत्तरं

"साठी बुद्धी नाठी, त्यात काय एवढं?" उत्तर : वयाने नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा सापडत नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर घर न सापडणं हे वयाचं नाही, आजाराचं लक्षण आहे.

"अनुवंशिक आहे का? मुलीच्या लग्नाचं बघा हं." उत्तर : पासष्टीनंतर सुरू होणारा अल्झायमर बहुतांशी थेट वारशाने येत नाही. आईवडिलांना असला तर मुलांचा धोका काहीसा वाढतो, पण होणारच असं नसतं. पिढीगणिक उतरणारा प्रकार दुर्मीळ असून तो सहसा साठीच्या आतच सुरू होतो. स्थळाकडच्यांपासून लपवलेली गोष्ट लग्नानंतर कळण्यापेक्षा ही चार वाक्यं बरी.

"आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, शंभर टक्के गुण येतो." उत्तर : "डॉक्टरांना विचारून बघते." एवढंच. आजवर हा आजार मुळापासून बरा करणारं औषध निघालेलं नाही. चालू गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत.

हे बाहेर सांगू नका

कपडे खराब झाले, नको तिथे लघवी केली, नातवाला मारलं, या गोष्टी डॉक्टरांसाठी आणि देखभालीत हात असणाऱ्यांसाठी. त्यांच्या वागण्याचे 'गमतीचे' व्हिडिओ काढू नका, काढलेले पाठवू नका. आणि ते शेजारी बसलेले असताना त्यांच्याविषयी "आता यांना काही कळत नाही" असं कधीही बोलू नका. शब्द निसटले तरी आवाजातला सूर पुष्कळ काळ कळत राहतो.

सांगणं एकदाचं नसतं

आज कॅरम खेळणारा माणूस वर्षाने सोंगट्या ओळखणार नाही. तेव्हा वॉचमनला दिलेली सूचना बदलेल, मंगळवारच्या मित्राला नवं काम द्यावं लागेल, बहिणीला "आता ती मला 'आई' म्हणते" हेही सांगावं लागेल. दर तीन-चार महिन्यांनी, डॉक्टरांची भेट झाली की, यादी घेऊन बसा : कुणाला नवीन काय सांगायचं, कुणाकडून काय मागायचं.

त्या यादीत एक नाव देखभाल करणाऱ्याचं स्वतःचं असू द्या, कारण त्याच्याविषयी कुणी विचारत नाही. "मला महिन्यातून दोन रविवार मोकळे हवेत," हेही निदानाइतकंच स्पष्ट सांगायचं वाक्य आहे. घरात ऐकणारं कुणी नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. अल्झायमरच्या रुग्णांसाठी आणि कुटुंबांसाठी १९९२ पासून काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेच्या देशभर शाखा आहेत. तुमच्या जवळच्या शाखेत आधारगट चालतो का, याची चौकशी करा. तिथे प्रस्तावना करावी लागत नाही. "सून जेवायला देत नाही म्हणतात" असं म्हणताच समोरून "आमच्याकडेही" असंच उत्तर येतं, आणि लगेच पुढचा प्रश्न : "मग तुम्ही काय करता?" आम्ही जेवणाचं खरकटं ताट तासभर तसंच समोर ठेवतो, असं कुणीतरी सांगतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते करून बघता.